शालिक नेवारेची वही

हे मी एकदाच लिहिणार आहे. खाडाखोड करणार नाही, मागे जाऊन वाचणार नाही, कुणी 'जरा नीट करून द्या ताई' म्हटलं तरी देणार नाही. आठवण पुन्हा पुन्हा हाताळली की तिचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. एका माणसाच्या बाबतीत ते मीच घडवून आणलं आहे.

माझं नाव मंदाकिनी ठवरे. वय साठ. वीस वर्षं नागपुरात शाळेत मराठी शिकवलं, मग नोकरी सोडून बंदी हक्क मंचात आले. तेव्हापासून या राज्यातल्या तुरुंगांचे कायदे बदलावेत म्हणून सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवते आहे. अधिकारी मला समोर 'ताई' आणि पाठीमागे 'गोचीड' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. येत्या अधिवेशनात आमच्याच कायद्याच्या फेरविचारासाठी समिती बसणार आहे. तिच्यापुढे ठेवायचं निवेदन म्हणून हे लिहिते आहे. निवेदनात 'आमच्या संस्थेची अशी भूमिका आहे की' वगैरे लिहायची रीत असते. आम्ही तुरुंगात चालवलेल्या वर्गाचा नियम मात्र वेगळा होता. तिथे वाक्य 'मी'ने सुरू करावं लागायचं. तो नियम मीच घातला होता, तेव्हा आता माझी पाळी.

आधी टोपीबद्दल सांगते.

कागदोपत्री तिचं नाव 'अनुतापमापक'. दिसायला सायकलवाल्यांच्या शिरस्त्राणासारखी, आतून बोटाच्या पेराएवढ्या ऐंशी संवेदकांची. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात. पूर्वी त्या मोजायला खोलीभर यंत्र लागायचं, आता ते डोक्यावर मावतं. माणूस आपण केलेल्या वाईट कृत्याबद्दल बोलतो तेव्हा, ते खरोखर लागलेलं असेल तर, मेंदूत तीन गोष्टी ठराविक क्रमाने घडतात. आधी प्रसंगाची आठवण जागी होते, मग पोटात खड्डा पडल्याची जाणीव जिथे उमटते तो भाग पेटतो, आणि मग ज्याचं वाईट केलं त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा भाग. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. रडण्याचं नाटक करता येतं, या क्रमाचं करता येत नाही. यंत्र शून्य ते शंभर असा आकडा देतं. साठाच्या वर आकडा आलेले कैदी सुटल्यावर सहसा पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत, हे तीन राज्यांत दहा वर्षं तपासून पाहिलेलं होतं.

आम्ही या यंत्रावर का भाळलो, हे जुनी पद्धत पाहिलेल्यालाच कळेल. जन्मठेपेच्या कैद्याला सोडायचं की नाही हे तेव्हा पोलीस ठाण्याच्या एका अहवालावर ठरायचं. 'सदर इसम गावी परतल्यास शांतता भंग होण्याची शक्यता आहे,' एवढ्या एका ओळीवर माणसं वीस-वीस वर्षं आत सडली. ज्याची ओळख होती तो सुटायचा. ज्याची नव्हती त्याच्या अर्जावर चहाच्या कपांचे डाग पडायचे. टोपीला जात कळत नव्हती, आडनाव कळत नव्हतं, वशिला कळत नव्हता. मला वाटलं, अखेर एक असा साहेब मिळाला जो फक्त माणसाच्या आत बघतो.

आम्ही विधेयकाचा मसुदा केला. दहा वर्षं शिक्षा भोगलेल्या कैद्याला दर सहा महिन्यांनी टोपी, साठाच्या वर आला की सुटका, अहवाल-बिहवाल सगळं रद्द. त्यात कलम नऊ होतं. 'जो बंदी आरंभापासून गुन्हा नाकारत आला आहे, त्याची या यंत्राने चाचणी घेऊ नये. त्याचं प्रकरण स्वतंत्र मंडळाने नव्याने तपासावं.' हे कलम मी स्वतः लिहिलं होतं. कारण सरळ होतं. ज्याने केलंच नाही त्याला कशाचा पश्चात्ताप होणार?

दोन हजार सदतीस सालच्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात, विधेयक मांडणारे आमदार लोणारे साहेब यांनी मला आमदार निवासातल्या त्यांच्या खोलीवर बोलावलं. विधेयक त्यांच्या हातात होतं. समोर तर्री-पोह्यांच्या प्लेटा होत्या.

"ताई, बाकी सगळं मान्य," ते म्हणाले. "पण हे कलम नऊ काढा. तुरुंगात कोण म्हणतो हो, मी केलं म्हणून? सगळेच अर्ज करतील. मंडळ बसवा, फायली काढा... कोण करणार?"

"साहेब, पण जे खरंच निर्दोष आहेत..."

"किती असतील? शंभरात दोन? त्या दोघांपायी अठ्ठ्याण्णवांना आत ठेवता का? काढा, उद्या दुपारी पास करून देतो. नाही काढलं तर चिकित्सा समितीकडे जाईल, आणि मग तुम्ही-आम्ही दोघं म्हातारे होऊ."

मी म्हटलं, पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू. चळवळीतली माणसं हे नेहमी म्हणतात. आज पदरात पडतंय ते घ्या, उरलेलं नंतर भांडून घेऊ. हे म्हणण्यात मी पटाईत होते. मी मान डोलावली आणि पोह्यांची दुसरी प्लेट घेतली. पोहे फार छान होते, हेही लिहून ठेवते.

कायदा झाला. पहिल्या दोन वर्षांत एकतीसशे माणसं घरी गेली. माझे सत्कार झाले, शाली मिळाल्या. दुरुस्ती आणायची राहून गेली.

शालिक नेवारे हा त्या शंभरातल्या दोघांपैकी होता.

धानाच्या पट्ट्यातल्या आंबेटोला गावचा माणूस. तिथल्या राईस मिलमध्ये हमाली करायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी सगळं गाव शेजारच्या गावी दंडारीचं नाटक बघायला गेलेलं असताना मिलच्या कोंड्याच्या ढिगाला आग लागली. आत फत्तू नावाचा त्याचा जोडीदार झोपला होता, तो जळून मेला. दोन दिवसांपूर्वी शालिकचं आणि फत्तूचं पोती उचलण्यावरून भांडण झालं होतं आणि शालिक सगळ्यांसमोर ओरडला होता, 'जाळून टाकीन तुले!' एवढं पुरे झालं. मंडईत तो होता असं सांगणारे दोघं साक्षीदार त्याचे मामा आणि मेहुणा निघाले, म्हणून कोर्टाने मानले नाहीत. शालिकची मुलगी करिश्मा तेव्हा सहा वर्षांची होती.

टोपीखाली पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचा आकडा आला चार.

यंत्र चालवणारे डॉक्टर श्रोत्री माझ्याकडे वळून म्हणाले, "इतका कोडगा माणूस मी पाहिला नाही."

सहा महिन्यांनी पुन्हा चार. तिसऱ्यांदा पाच.

मी त्याची फाईल वाचली होती. पंचनाम्यात मिलच्या मागच्या भिंतीपाशी अर्धवट कापलेली तांब्याची तार सापडल्याची नोंद होती आणि तिच्याबद्दल कोर्टात कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. शालिक खोटं बोलत नाही असं मला वाटत होतं. 'वाटत होतं' हेही पळवाट काढल्यासारखंच झालं. मला माहीत होतं. चार हा आकडा कोडगेपणाचा नव्हता, त्याने केलंच नाही याचा तो पुरावा होता. यंत्र खरं सांगत होतं. वाचायची आमची पद्धत चुकली होती, आणि ती चूक टाळणारं कलम मी पोहे खाता खाता सोडून दिलं होतं.

ते कबूल करायचं सोडून मी त्याला माझ्या वर्गात बसवलं.

हा तयारी वर्ग मंचाने तुरुंगात सुरू केला होता. प्रत्येकाला एक दोनशे पानी वही. रोज एक पान, आपला गुन्हा, 'मी'ने सुरू करून, सबबी न सांगता. आठवड्याला मी वह्या तपासायची. मास्तरीणबाईची खोड, लाल पेनाशिवाय मला वाचताच येत नाही. 'त्याला मार लागला' असं कुणी लिहिलं की खोडून वर 'मी मारलं' लिहायची. ज्यांनी खरोखर केलं होतं त्यांना या वह्यांनी आधार दिला. एक पासष्ट वर्षांचा म्हातारा, सतरा वर्षांत बायकोचं नाव न घेतलेला, एका सकाळी वही छातीशी धरून हमसून हमसून रडला होता. म्हणून मला वाटायचं, हे औषध सगळ्यांनाच लागू पडेल.

शालिकच्या वहीचं पहिलं पान असं होतं. 'मी त्या दिवशी मंडईत होतो. मी करिश्मासाठी पिपाणी घेतली. मी आग लावली नाही.'

मी त्यावर आडवी लाल रेघ मारली.

"शालिकभाऊ, असं लिहून टोपी सोडायची नाही."

"पण मी नाही लावली जी, ताई."

"मला माहीत आहे. पण फक्त वहीत लिहायचं. बाहेर गेल्यावर विसरून जायचं. करिश्मा विसाव्या वर्षात आली, तिला बाप नको का?"

करिश्माने तेव्हा एसटीत वाहक म्हणून नुकतं काम धरलं होतं. तिला मी हा बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्याहिले खोटं लिहाले नका लावू. शाळेत पोरी मले खुन्याची पोरगी म्हणत, तं मी मारामाऱ्या केल्या. बाबानं नाही केलं म्हणून केल्या. ते राहू द्या आत, मी येत जाईन भेटाले."

मी तिला समजावलं. वीस वर्षं वर्गात पोरांना समजावलं आहे, माझा हातखंडा आहे.

आता विज्ञानाचा दुसरा तुकडा. हा मला तेव्हाही माहीत होता, मी त्याकडे पाहिलं नाही इतकंच. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती दर वेळी बाहेर काढली की काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होऊन आत जाते. मऊ असताना तिला जो हात लागेल त्याचा ठसा उमटतो. एखादी गोष्ट रोज, बारकाव्यांसकट, 'मी' म्हणून सांगितली, तर मेंदूला ती घडलेली की रचलेली हे हळूहळू सांगता येईनासं होतं. त्यातून तुरुंगासारखी जागा, जिथे बाहेरचं काही येत नाही. आणि शालिकच्या मनात एक खरं बी होतंच. 'जाळून टाकीन' हे तो खरोखर म्हणाला होता, आणि त्याची त्याला चौदा वर्षं लाज वाटत होती. आम्ही त्या बीला रोज पाणी घातलं.

त्याने लिहिलं, 'मी कोंड्याला आग लावली.' मी समासात लिहिलं, 'कशाने?' त्याने लिहिलं, 'आगपेटीने.' मी लिहिलं, 'कसली आगपेटी? चित्र काय होतं? नीट आठवून लिहा.' पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. 'मोर होता.'

एक वर्ष गेलं. मग एका पानावर मी न विचारलेलं वाक्य आलं. 'मी दारात फत्तूच्या चपला पाह्यल्या. मी पाहूनही लावली.' ते वाक्य वाचून अंगावर काटा आला. आणि मी समासात लाल शाईने 'छान' लिहिलं.

पुढच्या चाचणीत त्याचा आकडा आला त्र्याहत्तर.

सुटकेच्या सकाळी करिश्मा गेटबाहेर नवा सदरा आणि पेढे घेऊन उभी होती. लहान दरवाजातून तो वाकून बाहेर आला. तिने पाया पडायला खाली वाकावं तर त्याने दोन पावलं मागे घेतली.

"नोको पडू वो पोरी. मीच लावली आग. तुले इतके वर्ष खोटं सांगत होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आता बाहेर आले न? आता तं खरं बोलाले सांगा त्याहिले."

"शालिकभाऊ, झालं आता, वही संपली," मी हसत म्हणाले. मला खरंच वाटलं, तो सवयीने बोलतो आहे.

"वहीचं नाही जी, मले दिसते," तो म्हणाला. "डोळे मिटले का दिसते. त्याच्या चपला, आगपेटीवरचा मोर."

करिश्माने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि सरळ चालू लागली. त्यानंतर दोन वर्षं ती बापाशी बोलली नाही. तो गावी गेला आणि स्वतःच्या घरी न राहता फत्तूच्या म्हाताऱ्या आईच्या पडवीत राहू लागला. तिचं पाणी भरायचं, धान कांडून आणायचं, तिच्या शिव्या खायच्या. म्हातारी रोज सकाळी त्याला लेकाच्या नावाने शिव्या देते आणि तो खाली मान घालून ऐकतो, असं कानावर आलं. मी तिकडे फिरकले नाही. कामं होती.

या वर्षीच्या मार्चमध्ये डॉक्टर श्रोत्रींचा फोन आला. दुसऱ्या एका तुरुंगात दरोडा आणि खुनी हल्ल्यासाठी दहा वर्षं आत असलेला एक कैदी टोपीखाली बसला होता. आपला गुन्हा सांगताना त्याचा आकडा एकोणीस येत होता. डॉक्टरांनी सहज विचारलं, मनात दुसरं काही आहे का? तो माणूस अर्धा तास बोलला. मंडईचा दिवस, आंबेटोल्याची मिल. तो तांब्याची तार चोरायला गेला होता. चालू तार कापली, ठिणग्या उडून कोंड्यावर पडल्या. आतून कुणीतरी ओरडलं, आणि तो पळाला. आकडा एक्क्याण्णव.

"कापलेली तार पंचनाम्यात आहेच," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "ठवरेबाई, तुमच्या त्या नेवारेला चार आला होता ना? मी त्याला कोडगा म्हणालो होतो."

म्हणजे आगपेटी नव्हतीच. मोर मीच त्याच्याकडून वदवून घेतला होता.

कोर्टाने चार महिन्यांत शालिकला निर्दोष ठरवलं. निकालाची प्रत घेऊन मी आधी करिश्माकडे गेले, डेपोत. तिथे बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. रेघ, मोर, 'छान', पोहे, सगळं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, हात उगारेल. उगारला असता तर बरं वाटलं असतं.

"मी दोन वर्षं त्याहिचं तोंड पाह्यलं नाही," ती म्हणाली. "आणि तुमाले तं माहीत होतं."

"हो."

"चला," ती उठून म्हणाली. "तुमीच सांगा आता त्याहिले."

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. शालिक फत्तूच्या आईच्या अंगणात रांजण भरत होता. केस पार पांढरे झाले होते. करिश्माला पाहून त्याच्या हातून पाणी सांडलं. तो पुढे आला नाही. ती गेली, त्याच्या हातातला हंडा घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमी नाही लावली आग."

मी निकाल वाचून दाखवला. तार, ठिणगी, दुसऱ्या माणसाचा जबाब. पडवीत बसलेली म्हातारी ऐकता ऐकता रडायला लागली. शालिक मात्र, शाळेत पोरं दुसऱ्याची चूक ऐकतात तसा, शांतपणे ऐकत होता.

"कोणाचा तरी घोळ झाला असंन जी," तो म्हणाला. "मले तं साफ आठवते. मोराची आगपेटी होती."

"शालिकभाऊ, तो मोर मी तुम्हाला लिहायला लावला."

"तुमी कसं लावान? तुमी तं फक्त इचारलं. मोर मलेच आठवला न."

माझ्याकडे त्याची वही होती. मंचाच्या कपाटात सगळ्या वह्या जपून ठेवायचा नियमही माझाच. मी ती करिश्माच्या हातात दिली. तिने पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, 'मी त्या दिवशी मंडईत होतो. मी करिश्मासाठी पिपाणी घेतली. मी आग लावली नाही.' मग ते पान त्याच्यासमोर धरलं. "बाबा, पिवळी पिपाणी होती. अजून हाये माह्यापाशी. हे पाहा, तुमचंच अक्षर हाये."

त्याने वही हातात घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं, मग त्यांवरच्या लाल रेघेवरून.

"ही रेघ तुमचीच न जी, ताई?"

"हो. माझीच."

"मंग? खोटं नसतं तं तुमी कायले खोडलं असतं? तुमी मास्तरीणबाई. चुकलेलंच खोडता न?"

करिश्मा माझ्याकडे बघत होती, म्हातारी बघत होती. मी म्हणाले, "नाही, शालिकभाऊ. ते खरं होतं, म्हणून खोडलं. खरं सांगून तुम्ही सुटला नसता."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. लहान पोराने काही वेडंवाकडं बोलल्यावर मोठी माणसं हसतात, तसं.

"असं कुठं असते काय जी, ताई," तो म्हणाला, आणि हंडा उचलून विहिरीकडे गेला.